जुनी डीडीआर३ रॅम पडून आहे, मेमरी कंट्रोलर कुठला घेऊ? टॉवेल तपासणीचं यंत्र, सोलापूर

साखरपेठ_सोलापूर

नमस्कार मंडळी. आमचं टेरी टॉवेलचं काम आहे, चौदा लूम. लूमवरून उतरलेला तागा तपासणीच्या टेबलावर येतो. खालून ट्यूबलाइट, आणि समोर माझी आई उभी. लूप सुटलाय का, ताणा तुटलाय का, तेलाचा डाग पडलाय का, हे ती नुसत्या नजरेनं पकडते. एकवीस वर्षं हेच काम करायली आहे. आता दुपारी तीननंतर तिचे डोळे चुरचुरतात. तिच्या मदतीला कॅमेऱ्याचं यंत्र बनवावं असं दोन वर्षं डोक्यात आहे.

माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय. एसटीएम३२एफ४२९ हा मायक्रोकंट्रोलर घेतलाय, कारण त्याला कॅमेरा थेट जोडता येतो. त्याच्या पोटात सगळी मिळून २५६ किलोबाइट रॅम आहे, तेवढ्यात टॉवेलचा कोपराही मावत नाही. जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेल्या ४ जीबीच्या दोन डीडीआर३ पट्ट्या घरात पडून आहेत. त्या याला जोडायच्या तर मधे कुठला मेमरी कंट्रोलर घालावा लागेल? मागच्या आठवड्यात पुण्याला गेलो होतो, तेव्हा पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या चार दुकानांत विचारलं. सगळे म्हणाले, "नंबर सांगा." माझ्याकडे नंबरच नव्हता. तो नंबर कुणी सांगेल का?

जुना_टेक्निशियन

तुम्ही मागताय तो नंबर एके काळी होता, म्हणून दुकानदारानंही तो मागितला. इंटेलची ८२०३ आणि नंतर ८२०७ या चिप डायनॅमिक रॅमच्या, म्हणजे जिच्यातला चार्ज गळतो म्हणून जी सारखी ताजी करावी लागते त्या रॅमच्या, कंट्रोलरच होत्या. प्रोसेसर एका बाजूला, ४१६४ सारख्या रॅम दुसऱ्या बाजूला, आणि मधे ही चिप. पत्त्याचे दोन तुकडे करून आधी रो द्यायची, मग कॉलम द्यायचा, आणि ठरावीक वेळानं प्रत्येक रो ताजी करायची. झेड८० मध्ये तर रिफ्रेशसाठी वेगळं रजिस्टरच होतं, प्रोसेसर जाता-जाता रो ताजी करून पुढे जायचा. मी अशा बोर्डांवर सोल्डरिंग केलेलं आहे.

पुढे ते काम मदरबोर्डवरच्या नॉर्थब्रिज चिपमध्ये गेलं. एएमडीनं २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणि अॅथलॉन ६४ च्या वेळी कंट्रोलर प्रोसेसरच्याच पोटात घातला. इंटेलनं तेच २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ पासून केलं. त्यामुळे डीडीआर३ साठी "मधे घालायची" सुटी चिप शोधत बसू नका. आज कंट्रोलर निवडायचा म्हणजे ज्याच्या पोटात कंट्रोलर आहे असा प्रोसेसर किंवा एफपीजीए (आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशी चिप) निवडायचा.

भीमाकाठ

काकांनी अगदी बरोबर सांगितलंय. मी मूळची सोलापूरची, गेली नऊ वर्षं पुण्यात चिप डिझाइनमध्ये मेमरी कंट्रोलर तपासायचंच काम करते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या पट्ट्या कितीही चांगल्या असल्या तरी त्या या मायक्रोकंट्रोलरला लागणार नाहीत. पट्टीला ६४ डेटा लाइन आहेत, आणि दर आठ लाइनींमागे स्ट्रोबची, म्हणजे डेटा कधी उचलायचा ते सांगणाऱ्या लाइनींची, एक जोडी. व्होल्टेज १.५, तुमच्या चिपचं ३.३. पण खरी अडचण वेगाची आहे. सगळ्यांना वाटतं की रॅम वेगवान आहे, तर आपण ती सावकाश चालवू. डीडीआर३ च्या पोटात घड्याळ जुळवणारं एक सर्किट असतं, आणि ते साधारण ३०० मेगाहर्ट्झच्या खाली जुळतच नाही. ते बंद करून १२५ मेगाहर्ट्झपर्यंत चालवायची एक सोय आहे, पण तिच्यावर यंत्र उभं करू नये. त्यातून चालू करताना कंट्रोलरला प्रत्येक स्ट्रोब किती पुढे-मागे आहे ते शिकून घ्यावं लागतं, २४० ओहमच्या रेझिस्टरशी ताडून रॅमच्या आउटपुटचा रोध जुळवावा लागतो. हे सगळं करणारं सर्किट तयार मिळतं, पण झिंक किंवा आर्टिक्ससारख्या एफपीजीएच्या जातीच्या चिपमध्ये.

याउलट तुमच्या एफ४२९ मध्ये एसडीरॅमचा कंट्रोलर आधीपासून आहे. जुनी, साधी, घड्याळाच्या एकाच कडेवर चालणारी एसडीरॅम. ती ३.३ व्होल्टवर चालते, तिला किमान वेगाची अट नाही, फक्त वेळेवर रिफ्रेश लागतो. ५४ पायांची चिप हातानं सोल्डर करता येते.

पण हे पुरेल का, ते टॉवेलच्या हिशेबावर ठरेल. टॉवेल केवढा, टेबलावर कापड किती वेगानं सरकतं, आणि बारीकात बारीक किती मिलिमीटरचा दोष दिसायला हवा, हे तीन आकडे द्या.

साखरपेठ_सोलापूर

ताई, मनापासून धन्यवाद. टॉवेल ३० बाय ६० इंची. कापड मिनिटाला ३० मीटर. दोषाचं आईला विचारलं, तर तिनं एक सुटलेला लूप दाखवला. स्केल लावून बघितलं तर साधारण एक मिलिमीटर भरला. कॅमेरा एका ओळीचा आहे, ४०९६ पिक्सेल, प्रत्येक पिक्सेल ८ बिट, आउटपुट समांतर.

भीमाकाठ

एक मिलिमीटरचा दोष पकडायचा तर त्यावर चार पिक्सेल तरी पडायला हवेत. म्हणजे एक पिक्सेल ०.२५ मिलिमीटरचा. मिनिटाला ३० मीटर म्हणजे सेकंदाला ५०० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला २००० ओळी. ४०९६ गुणिले २००० केले की सेकंदाला ८.२ मेगाबाइट होतात. कॅमेऱ्याकडून एवढंच येणार आहे.

१६ बिट एसडीरॅम ९० मेगाहर्ट्झवर चालली तर कागदावर सेकंदाला १८० मेगाबाइट देते.

आता जागा. टॉवेलची लांबी १५२४ मिलिमीटर, म्हणजे ६०९६ ओळी, म्हणजे एका टॉवेलचं चित्र सुमारे २५ मेगाबाइटचं. चांगल्या टॉवेलचं एक नमुना-चित्र शेजारी ठेवायचं, म्हणून दुप्पट, ५० मेगाबाइट. ५१२ मेगाबिटची एक एसडीरॅम म्हणजे ६४ मेगाबाइट. एका चिपमध्ये काम झालं. तुमच्या पट्ट्यांमधल्या ८ जीबीतला शंभरावा भागही लागत नाही.

एक विचारायचं राहिलं. यंत्राला स्क्रीन आहे का?

साखरपेठ_सोलापूर

हो, ८०० बाय ४८० ची. आईला दोष कुठे आहे ते दिसायला हवं ना. पण स्क्रीनचं काय एवढं?

भीमाकाठ

८०० गुणिले ४८० पिक्सेल, प्रत्येकी २ बाइट, सेकंदाला ६० वेळा. हे ४६ मेगाबाइट होतात. स्क्रीन तुमच्या कॅमेऱ्याच्या साडेपाचपट मेमरी ओढते, आणि चित्र बदललेलं नसतानाही ओढते. बहुतेक जण कॅमेऱ्याचा हिशेब करतात आणि स्क्रीन विसरतात. मग चित्र थरथरायला लागलं की दोष रॅमला देतात.

कॅमेऱ्याचं लिहिणं ८.२, तेच परत वाचणं ८.२, नमुना वाचणं ८.२, आणि स्क्रीन ४६. बेरीज ७१ च्या आसपास. कागदावरच्या १८० पैकी रिफ्रेश आणि रो बदलण्यात वेळ जाऊन प्रत्यक्षात १०० ते १२० हाती लागले तरी बसतं. फार ऐसपैस नाही, पण बसतं. स्क्रीनचा वेग ६० वरून ४० वर आणलात तर आणखी १५ मेगाबाइट सुटतात.

नवीपेठ

एवढा खटाटोप कशाला? रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घ्या. रॅम, कंट्रोलर सगळं बोर्डावर आलंच. यूएसबी कॅमेरा लावा, महिन्याभरात यंत्र चालू.

भीमाकाठ

सल्ला चुकीचा नाही. यूएसबी कॅमेरा असता तर मीही तोच दिला असता. पण यांच्याकडे समांतर आउटपुटचा लाइन कॅमेरा आहे. त्याची एकेक ओळ कापडाच्या रोलरवरच्या, कापड किती सरकलं ते मोजणाऱ्या एन्कोडरच्या ठोक्याला उचलायची आहे. ते काम मायक्रोकंट्रोलर न चुकता करतो. उद्या चार रंगीत कॅमेरे लावायचे झाले तर आत येणारंच जवळपास १०० मेगाबाइट होईल. त्या दिवशी मी सरळ झिंक घ्यायला सांगेन, ज्यात डीडीआर३ चा कंट्रोलर सिलिकॉनमध्येच आहे.

कडकभाकरी

मी शेवटच्या वर्षाला आहे. ताई, एफपीजीएवर स्वतः कंट्रोलर लिहिला तर? शिकायला मिळेल ना.

भीमाकाठ

जरूर लिही, पण साध्या एसडीरॅमचा. टँग नॅनो २०के या छोट्या बोर्डावर एफपीजीएच्याच पोटात ६४ मेगाबिट एसडीरॅम आहे, वायरिंगचा त्रास नाही. रो उघडणं, वाचणं, बंद करणं आणि रिफ्रेश एवढी चार पावलं स्वतःच्या हातानं लिहिलीस की डेटाशीटमधल्या वेळांचा अर्थ कळतो. पण आईसाठी जे यंत्र कारखान्यात रोज आठ तास चालणार आहे, त्यात तयार, वापरून पारखलेला कंट्रोलरच हवा.

अक्कलकोटरोड

हा धागा वाचून राहवलं नाही. मी एमआयडीसीत मशिनरीचं इलेक्ट्रॉनिक्स बघतो. याच चिपवर, याच कामासाठी मी दीड वर्षापूर्वी तोंडघशी पडलोय. ते सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

एका कारखान्यासाठी असंच तपासणीचं यंत्र केलं होतं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत बसवलं, अडीच-तीन महिने सुरेख चाललं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला, यंत्र प्रत्येक टॉवेल नापास करतंय. जाऊन बघितलं. स्क्रीनवर टॉवेलच्या डाव्या बाजूला तीन लाल ठिपके, दुसऱ्या टॉवेललाही तिथेच, तिसऱ्यालाही तिथेच. टॉवेल हातात घेऊन बघितला तर एकदम स्वच्छ. यंत्र बंद करून चालू केलं की ठिपके गायब. दुपारी दोनच्या सुमारास परत तिथेच.

मी एसडीरॅम बदलली. चार दिवसांनी पुन्हा ठिपके, फक्त जागा वेगळ्या. परत बदलली. मेमरी टेस्ट रात्रभर चालवली, एकही चूक नाही. मालक म्हणाले, राहू दे, आमच्या बायकाच बऱ्या. फार लागलं ते.

चूक माझ्या एका आकड्यात होती. कंट्रोलरला रिफ्रेशचं अंतर घड्याळाच्या ठोक्यांत द्यावं लागतं. मी याच मायक्रोकंट्रोलरच्या तयार डिस्कव्हरी बोर्डाच्या उदाहरणातून १३८६ हा आकडा उचलला होता. त्या बोर्डावरची चिप ८ मेगाबाइटची, तिच्यात ४०९६ रो. ६४ मिलिसेकंदांत ४०९६ रो म्हणजे दर १५.६ मायक्रोसेकंदाला एक. ९० मेगाहर्ट्झवर त्याचे १४०६ ठोके, त्यातून मॅन्युअल सांगतं तसे २० वजा केले की १३८६. त्या चिपसाठी आकडा अगदी बरोबर. माझी चिप ३२ मेगाबाइटची होती, तिच्यात ८१९२ रो. म्हणजे मला दर ७.८ मायक्रोसेकंदाला रिफ्रेश हवा होता, आकडा ६८३.

एवढ्यावर थांबलं नाही. पहिल्या बोर्डावर ट्रॅक लांब झाले होते, म्हणून मी घड्याळ निम्म्यावर, ४५ मेगाहर्ट्झवर आणलं. आकडा तसाच राहिला. तेव्हा तो ३३१ हवा होता. म्हणजे ६४ मिलिसेकंदांत जी फेरी पूर्ण व्हायला हवी ती २५६ मिलिसेकंदांत होत होती. चौपट उशिरा.

थंडीत रॅमनं ते सहन केलं. त्या सेलमधला चार्ज थंडीत सावकाश गळतो आणि उष्णतेत भराभर गळतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये बाहेर ४२, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, आणि कापसाची तूस बसून पॅनेलची जाळी बंद झालेली. आतमध्ये मी मोजलं ते ६१ अंश होतं. जे सेल मुळात थोडे कमजोर, ते तेवढ्यात रिकामे व्हायचे. नमुना-चित्र सकाळी एकदाच लोड होत होतं, त्यात तीन ठिकाणी बिट उलटले की दिवसभर प्रत्येक टॉवेलवर तिथेच "दोष".

जुना_टेक्निशियन

आणि रात्रभराच्या टेस्टमध्ये का सापडलं नाही, तेही लिहा. नवीन मुलांना ते कळायला हवं.

अक्कलकोटरोड

काका, तेच मला सगळ्यात उशिरा कळलं. एक तर टेस्ट रात्री चालली, गारव्यात. दुसरं, माझी टेस्ट एक छोटा तुकडा लिहून लगेच वाचायची, मग पुढचा तुकडा. रो वाचायला उघडली की ती आपोआप ताजी होते. माझी टेस्टच रिफ्रेशचं काम करून देत होती.

आता मी असं करतो. पूर्ण रॅम नमुन्यानं भरायची. मग प्रोसेसरनं तिला दहा मिनिटं हातच लावायचा नाही, स्क्रीनसुद्धा बंद. त्या वेळात चिपवर हेअर ड्रायर धरायचा. मग एकदाच वाचायची. माझा जुना आकडा घालून असं केलं तेव्हा पहिल्याच फेरीत चुका सापडल्या. ३३१ घातल्यावर एकही नाही. आणि चिप घेताना औद्योगिक तापमानाची, उणे ४० ते ८५ अंशांची घ्या. साधी चिप ७० पर्यंतचीच असते, आपल्या शेडमध्ये ती काठावर येते.

भीमाकाठ

हे वाचून मी आमच्या टीममधल्या नवीन मुलांना कालच सांगितलं. मोठ्या रॅममध्येही हाच नियम आहे. डीडीआर३ ची चिप ८५ अंशांच्या वर गेली की ६४ ऐवजी ३२ मिलिसेकंदांत सगळ्या रो ताज्या कराव्या लागतात.

साखरपेठ, तुमच्या ६४ मेगाबाइटच्या चिपमध्येही ८१९२ च रो असतात, वाढलेले असतात ते कॉलम. म्हणजे ९० मेगाहर्ट्झला ६८३ च. पण डेटाशीट उघडून स्वतः मोजा, माझ्यावर विसंबू नका.

साखरपेठ_सोलापूर

दादा, ताई, दोघांचे आभार मानावे तेवढे थोडे आहेत. चिप मागवली, औद्योगिक तापमानाचीच.

एक अडलंय. तुटलेला ताणा चित्रात उभी रेघ म्हणून दिसतो. म्हणून मी प्रत्येक कॉलम वरून खाली वाचत जातो. आडवं वाचताना सगळं पळतं, उभं वाचताना स्क्रीन झटके देते.

भीमाकाठ

तुमचा पुढचा पिक्सेल ४०९६ बाइट पुढे आहे, आणि चिपमधली एक रो २ किलोबाइटची. म्हणजे प्रत्येक पिक्सेलला नवी रो. जुनी बंद करायला २ ठोके, नवी उघडायला २, डेटा यायला ३, आणि एक उचलायला. आठ ठोके खर्चून एक बाइट हाती. ९० मेगाहर्ट्झवर हे सेकंदाला सव्वाअकरा दशलक्ष बाइट होतात, तेही दुसरं कुणी मधे आलं नाही तर. २५ मेगाबाइटला सव्वादोन सेकंद. तुमचा टॉवेल टेबलावरून तीन सेकंदांत पुढे जातो. तेवढा वेळ स्क्रीन रांगेत उभी राहते, म्हणून ती झटके देते.

कंट्रोलर बदलून हे सुटणार नाही. डीडीआर३ लाही रो उघडायला नॅनोसेकंदांत जवळपास तेवढाच वेळ लागतो. वाचण्याची दिशा बदला. चित्र आडवंच वाचा, आणि मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या रॅममध्ये ४०९६ खाने ठेवा, प्रत्येक कॉलमला एक. ओळ आली की प्रत्येक पिक्सेल आपापल्या खान्यात मिळवत जा. प्रत्येकी २ बाइट धरले तर ८ किलोबाइट लागतात, ते आत आरामात मावतात. बेरीज ६५,५३५ च्या पुढे जाऊ नये म्हणून दर २५६ ओळींनी तपासून खाने रिकामे करा. तुटलेल्या ताण्याचा कॉलम शेजाऱ्यांपासून वेगळा पडलेला लगेच दिसेल.

साखरपेठ_सोलापूर

तीन आठवड्यांनी लिहितोय. बोर्ड चार थरांचा करून घेतला, चिप मायक्रोकंट्रोलरला चिकटून. घड्याळ ९०, आकडा ६८३. अक्कलकोटरोड दादांच्या पद्धतीनं टेस्ट केली, फक्त हेअर ड्रायरऐवजी बोर्ड पत्र्याच्या डब्यात घालून दुपारी गच्चीवर ठेवला. दोन तास. आतला थर्मामीटर ६४ दाखवत होता. ६४ मेगाबाइटमध्ये एकही बाइट बदललेला नव्हता. वाचून झाल्यावर तिथेच उन्हात बसून राहिलो.

परवा टेबलावर बसवलं. पहिल्या ताग्यात तेलाचे दोन डाग आणि एक तुटलेला ताणा यंत्रानं पकडला. आईनं स्क्रीनवर बोट ठेवून कापडावर शोधून बघितलं, तिन्ही जागा बरोबर निघाल्या. पण कडेच्या पट्टीला एक सैल लूप होता, तो तिला दिसला, यंत्राला नाही. अर्ध्या मिलिमीटरचाही नसेल. पिक्सेल ०.१२५ चा केला तर काय होईल?

भीमाकाठ

आईंना माझा नमस्कार सांगा.

दोन्ही बाजूंनी निम्मा केलात तर कॅमेरा ८१९२ चा लागेल आणि ओळी दुप्पट होतील. एक चित्र १०० मेगाबाइट, नमुन्यासकट २००. ते या चिपमध्ये मावत नाही. पण एवढं बारीक फक्त कडेलाच बघायचं असेल तर पूर्ण रुंदी कशाला? दोन्ही कडांच्या पन्नास-पन्नास मिलिमीटरच्या पट्टीला एकेक छोटा कॅमेरा लावा. एका कडेच्या ४०० पिक्सेलला १२,१९२ ओळी, म्हणजे ५ मेगाबाइटही नाही. दोन्ही कडा नमुन्यासकट २० मेगाबाइटच्या आत. आधीच्या ५० मध्ये मिळवून ७०. सहा मेगाबाइट कमी पडतात. मोठ्या चित्रात टॉवेल ३०४८ पिक्सेलमध्येच संपतो, बाकीची रिकामी बाजू साठवू नका. मग ती दोन्ही चित्रं ५० ऐवजी ३७ मध्ये येतील.

अक्कलकोटरोड

जाळीवरची तूस दर शनिवारी ब्रशनं काढा. पॅनेलमधलं तापमान मे महिन्यात रोज दुपारी तीनला लिहून ठेवा आणि इथे टाका. मला माझ्या त्या जुन्या मालकांकडे परत जायचंय, आकडे हातात घेऊन.